दोर ओझ्याला बांधा, शेजाऱ्याला नको

२१ नोव्हेंबर २०१९ च्या रात्री कॅलिफोर्नियातल्या हॉथॉर्न इथे टेस्ला कंपनीने आपला सायबरट्रक जगापुढे आणला. पोलादी पत्र्याचा, कोनाकोनांचा तो पिकअप पाहून लोक चक्रावले. न फुटणाऱ्या म्हणून दाखवलेल्या काचा व्यासपीठावरच तडकल्या, त्याचीही चर्चा झाली. पण पिकअप चालवणाऱ्या अमेरिकेच्या मनात घर केलं ते दुसऱ्याच एका छोट्या चित्रफितीने. सायबरट्रक आणि फोर्डचा एफ-१५० पाठीला पाठ लावून चढावर उभे होते, दोघांच्या मागे दोर बांधलेला होता. इशारा झाला, फोर्डची चाकं जागेवर फिरली आणि टेस्लाने त्याला उलटं फरफटत चढावर नेलं.

एफ-मालिका म्हणजे १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा पिकअप. त्याला असं ओढत नेणं फोर्डवाल्यांच्या फारच वर्मी लागलं. कंपनीच्या एका उपाध्यक्षाने जाहीरपणे सांगितलं, तुमची गाडी आमच्याकडे पाठवा, तुल्यबळ गाड्यांची चाचणी घेऊ. इलॉन मस्क यांनी तितक्याच जाहीरपणे आव्हान स्वीकारलं. ती चाचणी झालीच नाही. दरम्यान खगोलशास्त्रज्ञ नील डीग्रास टायसन यांनी मुद्द्याला हात घातला होता. ही लढत इंजिनाच्या ताकदीवर ठरतच नाही, चाकांवर किती वजन आहे यावर ठरते, असं त्यांनी सुनावलं. फोर्डचा हौदा भरा, मागच्या चाकांवर भार येऊ द्या आणि मग ओढून दाखवा, असं त्यांचं म्हणणं होतं.

टायसन यांचं बरोबर होतं, आणि विषय एका जाहिरातीपुरता नाही. दोन पिकअपांची रस्सीखेच अमेरिकेच्या ग्रामीण भागातली जुनी हौस आहे. एकाची फोर्ड, दुसऱ्याची शेवरोले, तिसऱ्याची रॅम. कुणाची गाडी भारी यावर वाद रंगतो, कुणीतरी साखळी काढतो आणि निकाल शेताच्या बांधावर किंवा मोकळ्या पटांगणात लागतो. पैजेला पैसे नसतात, वैर नसतं, दहा-वीस मित्र आरडाओरडा करायला असतात. ही हौस मनापासून समजून घेण्यासारखी आहे. आपल्या हाताखालचं यंत्र किती जोर लावतं हे पाहण्याची इच्छा नांगर ओढणाऱ्या बैलांइतकी जुनी आहे. आक्षेप फक्त दोराच्या दुसऱ्या टोकाला आहे. तिथे दुसरी गाडी बांधली की हा खेळ उत्तरही चुकीचं देतो आणि माणसंही मारतो. तिथे ओझं बांधलं की तोच खेळ खरा होतो. हे अमेरिकी शेतकऱ्यांनी फार पूर्वी ओळखलं होतं.

आधी उत्तर चुकीचं का, ते पाहू. दोन गाड्यांमध्ये ताणलेला दोर दोघींना सारख्याच जोराने खेचतो. त्यामुळे दोरात जोर कुणाचा जास्त, हा प्रश्नच उरत नाही. कुणाची चाकं जमिनीला जास्त घट्ट धरून राहतात, एवढाच प्रश्न उरतो. कोरड्या डांबरावर चांगला टायर आपल्यावरच्या वजनाच्या साधारण सत्तर-ऐंशी टक्के जोर लावू शकतो. त्यापुढे तो घसरतो, मग इंजिन शंभर घोड्यांचं असो की चारशेचं. रिकाम्या पिकअपचं इंजिन पुढे असतं आणि मागचा हौदा मोकळा. गाडी फक्त मागच्या चाकांवर चालणारी असेल, तर दोन-सव्वादोन टनांपैकी कामाचं वजन जेमतेम टनभर. समोर तीन टनांचा, बॅटरीच्या ओझ्याने जमिनीला चिकटलेला आणि चारही चाकांनी ओढणारा सायबरट्रक. इशारा होण्याआधीच निकाल लागलेला असतो.

आपल्याकडे पिकअप म्हटलं की डोळ्यांपुढे बोलेरो येते, टोमॅटोचे क्रेट नाहीतर कांद्याच्या गोण्या भरलेली. ती चालवणाऱ्या कुणालाही हे शिकवावं लागत नाही. पावसाळ्यात शेतरस्त्यावर रिकामी पिकअप मागच्या चाकाने चिखल उडवत जागच्या जागी फिरते. हौद्यात चार पोती टाकली, दोन गडी उभे केले की निघते. इंजिन तेच, चालकही तोच.

अमेरिकेतले मुरलेले गडी याचा पुरेपूर फायदा घेतात. हौद्यात वाळूच्या पिशव्या भरतात, मऊ मातीवर टायरची हवा कमी करतात. गाडीचा हूक समोरच्यापेक्षा वर असेल तर आणखी बरं. दोर उताराने समोर जातो, तो आपल्या मागच्या चाकांना खाली दाबतो आणि समोरच्याची मागची बाजू उचलतो. शिवाय एकदा घसरलेल्या चाकाची पकड आणखी घटते, म्हणून पहिला हिसका ज्याचा त्याचं पारडं जड. थोडक्यात, वजन कुणाचं, टायर कुणाचे, हूक किती उंचावर आणि क्लच आधी कुणी सोडला, यावर सारं अवलंबून. ज्या इंजिनाची बढाई मारायची होती, त्याचा कस लागलाच नाही.

तो पहिला हिसकाच जीवघेणा असतो. दोर किंचित ढिला ठेवून दोघंही एकदम रेस करतात आणि तीन-चार टन लोखंड दोन्ही बाजूंनी एका क्षणात त्या दोरावर आदळतं. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडण्यासाठी पोलादी गोळा असतो, नवशिके साखळी त्यालाच अडकवतात. तो गोळा ट्रेलरचा सावकाश, सलग ताण सोसण्यासाठी बनवलेला आहे; असा झटका बसला की दांड्यापासून मोडतो. नायलॉनचा दोर असेल तर धोका वाढतो, कारण ताणलेल्या नायलॉनमध्ये साठलेली सगळी शक्ती सुटताना त्या गोळ्याला मिळते. तो मागची काच फोडून थेट चालकाच्या डोक्यापर्यंत येतो. ऑस्ट्रेलियात रुतलेल्या गाड्या बाहेर काढताना असे मोडलेले गोळे लागून माणसं दगावली आहेत. गाडी ओढण्याच्या पट्ट्यांवर धोक्याची सूचना छापणं तिथे कायद्याने सक्तीचं आहे. आणि तिथे तर माणसं अडलेल्या गाडीला मदत करत असतात. हौसेच्या रस्सीखेचीत प्रेक्षक दोराच्या दोन्ही बाजूंना, मोबाइल वर धरून, हाताच्या अंतरावर उभे असतात.

आता शेतकऱ्यांकडे वळू. अमेरिकेत ट्रॅक्टर येण्याआधी पैजा घोड्यांच्या लागत. दगड लादलेली लाकडी घसरपाटी घोड्यांच्या जोडीने ओढायची, जास्त ओढेल तो जिंकला. १९२० च्या दशकात आयोवा स्टेट कॉलेजात घोड्यांच्या जोडीचा जोर मोजणारं यंत्रही तयार झालं आणि जत्रांमध्ये वापरलं गेलं. १९२९ मध्ये मिसुरी राज्यातल्या बोलिंग ग्रीन आणि ओहायोतल्या व्हॉन्सव्हिलमध्ये ट्रॅक्टरच्या पहिल्या ओढ-स्पर्धा झाल्या, अशी नोंद सांगितली जाते. तेव्हाही ट्रॅक्टरच्या मागे ट्रॅक्टर बांधला नव्हता. मागे होतं ते ओझंच.

पुढच्या काळात या खेळाने एक मजेदार वळण घेतलं. मैदानाच्या कडेला ठरावीक अंतरावर माणसं उभी राहत. घसरपाटी जवळ आली की प्रत्येक जण तिच्यावर चढे. ट्रॅक्टर जितका पुढे जाई तितकं ओझं वाढत जाई आणि शेवटी तो थांबे. कल्पना उत्तम होती, धोकाही उघड होता. इंजिनं जोरकस झाली, वेग वाढला आणि धावत्या घसरपाटीवर चढणं अंगाशी येऊ लागलं. माणसांची जागा मग एका यंत्राने घेतली. हे यंत्र नीट पाहण्यासारखं आहे.

त्याला अमेरिकेत स्लेड म्हणतात. लांबलचक ट्रेलरच तो, पण चाकं फक्त मागच्या टोकाला. पुढचं टोक म्हणजे जमिनीवर टेकलेला रुंद पोलादी पत्रा. वर रुळांवर सरकणारी, कित्येक टन वजनाची पेटी असते. सुरुवातीला पेटी थेट मागच्या चाकांवर असते, त्यामुळे स्लेड हलका चालतो. तो चालू लागला की त्याच्याच चाकांवरून गियरमार्फत साखळी फिरते आणि पेटी पुढे सरकू लागते. फूट-फूट भार चाकांवरून पत्र्यावर येतो, पत्रा मातीत रुतत जातो. ओढणाऱ्याचं इंजिन ओरडत असतं, धुराचा लोट उभा राहतो, पुढची चाकं उचलली जातात आणि एका क्षणी सगळं थांबतं. किती फूट आणि किती इंच, ते मोजतात. सुमारे ३०० फुटांची पूर्ण धाव दोघातिघांनी मारली, तर पेटीत वजन वाढवून त्यांच्यात पुन्हा लढत लावतात.

१९६९ मध्ये वेगवेगळ्या राज्यांचे प्रतिनिधी एकत्र आले आणि नॅशनल ट्रॅक्टर पुलर्स असोसिएशन स्थापन झाली. त्याआधी प्रत्येक जत्रेचे नियम निराळे होते. ओहायोतल्या बोलिंग ग्रीन गावात १९६७ पासून राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा भरते. हे गाव मिसुरीतल्या गावाचं नुसतं नावबंधू. पुढे पिकअपही याच मैदानात उतरले, त्यांचे दोन चाकी ओढीचे आणि चार चाकी ओढीचे वेगळे गट पडले. गट वजनावर ठरतात आणि प्रत्येक गाडी काट्यावर चढते. म्हणजे टायसन यांनी टेस्लाला विचारलेला प्रश्न या शेतकऱ्यांनी पन्नास वर्षांपूर्वीच नियमपुस्तकात सोडवून ठेवला होता.

सुरक्षेचे नियम वाचले की या माणसांबद्दल आदर वाढतो. चालकाला शिरस्त्राण आणि आगरोधक पोशाख लागतो. गाडी मागे उलटू नये म्हणून मागच्या बाजूला टेकू लागतात. सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे एक बारीकशी तार. ओढणाऱ्या गाडीच्या मागे इंजिन बंद करणारा खटका असतो, त्याला जोडलेली तार स्लेडला बांधतात. जोड तुटून गाडी सुटली की तार आपोआप खटका ओढते आणि इंजिन बंद पडतं. पहिल्याच स्पर्धकाने ओढल्यावर पेटीचं वजन कमी-जास्त ठरवलं आहे असं दिसलं, तर पंच ते बदलतात आणि त्या स्पर्धकाला पुन्हा संधी मिळते. पहिला येणारा चाचणीला कामी येतो, म्हणून त्याचा तोटा होऊ नये, इतका बारीक विचार इथे केलेला आहे.

खरी मैत्रीही इथेच दिसते. रस्सीखेचीत एकाच्या विजयासाठी दुसऱ्याची गाडी चारचौघांत उलटी फरफटत जावी लागते. स्लेडच्या मैदानात प्रत्येक जण एकाच ओझ्याशी आणि एकाच मातीशी झुंजतो. शेजारी पाच फूट पुढे गेला तर त्याने तुम्हाला ओढलेलं नसतं. कोणते टायर लावलेस, वजन कुठे बांधलंस, असं त्याला जाऊन विचारता येतं. अमेरिकेतल्या जत्रांमध्ये लहान मुलांसाठीही हाच खेळ असतो. पायडलचा छोटा ट्रॅक्टर, मागे छोटा स्लेड आणि त्यावर सरकणारी छोटी पेटी. पाच वर्षांची पोरं दात-ओठ खाऊन पायडल मारतात. तिथे दोन पोरांना पाठीला पाठ लावून दोराने बांधायचं कुणाच्या डोक्यात येत नाही.

मोटारकंपन्यांनाही अखेर हाच रस्ता धरावा लागला. आमचा पिकअप किती ओझं ओढतो याचे आकडे प्रत्येक कंपनी अनेक वर्षं आपापल्या पद्धतीने काढायची आणि एकमेकींवर कुरघोडी करायची. मग अभियंत्यांच्या संघटनेने एक समान चाचणी ठरवली. तिचा गाभा म्हणजे ॲरिझोनातला डेव्हिस डॅमचा घाट. उन्हाळ्यात, एसी पूर्ण चालू ठेवून, मागे पूर्ण भाराचा ट्रेलर लावून सुमारे १८ किलोमीटरचा चढ चढायचा. साध्या पिकअपचा वेग ताशी ४० मैलांखाली, म्हणजे ६४ किलोमीटरच्या खाली जाता कामा नये. टोयोटाने ही चाचणी सर्वांत आधी स्वीकारली, अमेरिकी कंपन्या काही वर्षांनी मागोमाग आल्या. घाट कुणाचा मित्र नसतो, कुणाचा शत्रूही नसतो. त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणूस कुटुंबाला घेऊन बाहेर पडतो.

तरी देखाव्याचा मोह सुटत नाही. जुलै २०१९ मध्ये फोर्डने विजेवर चालणाऱ्या एफ-१५० च्या नमुन्याला मालगाडीचे दहा दुमजली डबे जोडून दाखवले. वजन दहा लाख पौंडांहून जास्त, म्हणजे साडेचार लाख किलोंच्या वर. पाहणाऱ्याचे डोळे विस्फारतात. पण पोलादी रुळावर पोलादी चाक सपाटीला फिरवायला टनामागे काही किलोंचाच जोर लागतो, म्हणून तर रेल्वे इतका माल वाहते. ते दृश्य खोटं नव्हतं, पण रुळावरचं ओझं आणि घाटातलं ओझं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो सांगितल्याशिवाय दाखवलेला आकडा गिऱ्हाइकाला फसवतो. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये टेस्लाने पुन्हा तसंच केलं. पोर्शे ९११ ला मागे ओढत नेणारा सायबरट्रक दुसऱ्या पोर्शे ९११ ला शर्यतीत हरवताना दाखवला, पाव मैलाचा दावा केला. शर्यत त्याच्या निम्म्या अंतराची होती, हे जाणकारांनी चित्रफीत तपासून दाखवून दिलं.

मैदान आखलं, तिकीट लावलं म्हणजे झालं, असं मात्र नाही. २८ सप्टेंबर २०१४ रोजी नेदरलँड्समधल्या हाक्सबर्गन गावी अजस्र चाकांच्या मॉन्स्टर ट्रकचा खेळ होता. जुन्या गाड्यांवरून उड्या मारणारा ट्रक थांबला नाही आणि गर्दीत घुसला. तीन जण मेले, त्यात एक लहान मूल होतं. चौकशीत आयोजकांबरोबर नगरपालिकेवरही ठपका आला. परवाना देताना धोक्याचा विचार पुरेसा केला नव्हता आणि प्रेक्षक फारच जवळ होते. पुढे महापौरांनी राजीनामा दिला. खेळाला परवानगी देणारी सहीसुद्धा जबाबदारीची असते, हे तिथल्या व्यवस्थेने मानलं.

हे सगळं महाराष्ट्रात सांगायचं कारण आता मोबाइलवर रोज दिसतं. पंजाब-हरियाणातल्या ट्रॅक्टर टोचनच्या चित्रफिती आपल्या ऊसपट्ट्यातली पोरं आवडीने पाहतात. दोन ट्रॅक्टर पाठीला पाठ लावून साखळीने जोडतात, गियर टाकतात, पुढची चाकं वर जातात आणि गर्दी बेभान होते. पिकअपच्या रस्सीखेचीत जे धोके आहेत ते इथे आहेतच, शिवाय एक जास्तीचा आहे. साखळी मागच्या आसाच्या वर बांधली की ट्रॅक्टर स्वतःच्याच जोराने मागे उलटतो. पुढची चाकं जमिनीवरून सुटल्यापासून पाऊण सेकंदात परतीचा क्षण निघून जातो आणि दीड सेकंदात ट्रॅक्टर चालकावर पडलेला असतो, असं अमेरिकी कृषी विद्यापीठांची सुरक्षापत्रकं सांगतात. क्लच दाबायचं सुचेपर्यंत सगळं संपलेलं असतं. उलटला तरी चालक वाचावा म्हणून बसवायची मजबूत चौकट आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरांवर नसते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये पंजाबच्या गुरदासपूर जिल्ह्यात ग्रामीण क्रीडा मेळाव्यात ट्रॅक्टरच्या कसरती करणारा एक तरुण ट्रॅक्टरखाली सापडून मेला. त्यानंतर मुख्यमंत्री भगवंत मान यांनी अशा कसरतींवर बंदी जाहीर केली. ती आवश्यकच होती. पण नुसत्या बंदीने हौस मरत नाही, ती आडरानात जाते. तिथे ना रुग्णवाहिका असते, ना दोरापासून लोकांना मागे हटवणारं कुणी.

महाराष्ट्राला याचा अनुभव आहे. २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, डिसेंबर २०२१ मध्ये अटींवर पुन्हा सुरू झाल्या आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा कायम ठेवला. आज शर्यतीसाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते, बैलांची पशुवैद्यकीय तपासणी लागते. नियम सगळीकडे पाळले जातात असा दावा कुणी करणार नाही. तरीही जबाबदार कोण, हे कागदावर ठरलं आहे. आंध्रात तर संक्रांतीला ओंगोल बैलांच्या जोड्या जडशीळ दगड ओढतात. तिथेही बैलांच्या दोन जोड्या एकमेकींना बांधत नाहीत, ठरल्या वेळात दगड किती दूर नेला ते मोजतात. यंत्रांच्या ओढीचं तत्त्व आपल्या मातीला मुळीच परकं नाही.

म्हणून ट्रॅक्टर आणि पिकअपच्या ओढीसाठी राज्याने वेगळे नियम आत्ताच करावेत, एखादा पोरगा मेल्यावर नव्हे. गाडीला गाडी बांधून ओढणं, मग ते यात्रेत असो की गायरानात, सरसकट बंद करावं. ओझं ओढण्याच्या स्पर्धेला मात्र परवानगी द्यावी. वजनकाट्यावर ठरलेले गट, तार जोडलेला इंजिनाचा खटका, मागचे टेकू, चालकाला शिरस्त्राण, दोन्ही बाजूंना भक्कम कठडे आणि प्रेक्षक त्यांच्या पलीकडे, मैदानावर रुग्णवाहिका. यातली एकही गोष्ट परदेशातून आणावी लागत नाही. साखर कारखान्याच्या दारात वजनकाटे आहेत. सांगली-कोल्हापूरकडे उसाच्या ट्रॉल्या बनवणारी वर्कशॉपं आहेत. सरकत्या पेटीचा स्लेड बांधणं त्यांच्या वेल्डर-फिटरांच्या आवाक्यातलं काम आहे, कृषी अभियांत्रिकीच्या महाविद्यालयांनी त्याचं गणित करून द्यावं. पहिला स्लेड एखाद्या कृषी विद्यापीठाच्या प्रक्षेत्रावर, तज्ज्ञांच्या देखत चालवावा आणि तिथे ठरलेली अंतरं व वजनं नियमांत घालावीत. उसाचा हंगाम संपून ट्रॅक्टर मोकळे होतात आणि गावोगावच्या यात्रा सुरू होतात, त्याच्या आत हे नियम यात्रा कमिट्यांच्या हातात पडले पाहिजेत.